ऑनलाइन गेममध्ये नवख्याला कुठे शिव्या पडतात, तर कुठे फुकट बंदूक मिळते. असं का?

समजा, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच बीजीएमआय टाकलंय. ओळखीचं कुणी ऑनलाइन नाही, म्हणून अनोळखी तिघांसोबत स्क्वाड लागला. विमानातून उडी कुठे मारायची हे कळेपर्यंत बाकीचे तिघं खाली पोचलेसुद्धा. त्यांना गाठायला उघड्या माळावरून धावत निघालात, तर कुणीतरी लांबून टिपलं. तुम्ही नॉक. एक जण उठवायला आला, तोही गेला. आणि मग माइक सुरू होतो. "अबे बॉट है क्या?" हे त्यातलं छापता येईल असं वाक्य. पुढचं तुम्हाला माहितीये.

आता दुसरं चित्र बघा. 'फॉलआउट ७६' नावाचा एक गेम आहे. अणुयुद्धानंतरची उजाड अमेरिका, तुम्ही जमिनीखालच्या बंकरमधून बाहेर पडता, अंगावर निळा सूट, हातात जवळपास काहीच नाही. समोरून लोखंडी चिलखत घातलेला, तुमच्याहून शंभर-दोनशे लेव्हल पुढचा एक खेळाडू येतो. तुम्हाला वाटतं, संपलं. तो हात हलवतो, जमिनीवर एक पिशवी टाकतो आणि निघून जातो. पिशवीत औषधं, पाणी, गोळ्या आणि तुमच्या लेव्हलला चालेल अशी बंदूक.

ही अतिशयोक्ती नाही. एप्रिल २०२४ मध्ये ॲमेझॉनवर 'फॉलआउट' ही मालिका आली आणि या जुन्या गेमवर नवख्यांची झुंबड उडाली. एका दिवसात दहा लाखांवर लोक खेळून गेले असं बेथेस्डा कंपनीनेच सांगितलं. त्या दिवसांत अनोळखी माणसाने सामान देऊन टाकल्याचे किस्से सोशल मीडियावर भरभरून येत होते.

दोन्ही गेममध्ये बंदुका आहेत, दोन्हीकडे अनोळखी माणसं आहेत. मग एकीकडे शिवी आणि दुसरीकडे शिदोरी, हे कसं? "तिकडची माणसं चांगली, आपली वाईट" असं उत्तर लगेच सुचतं. पण ते फार टिकत नाही, कारण एकच माणूस संध्याकाळी एका गेममध्ये देवमाणूस असतो आणि रात्री दुसऱ्यात तोंडाचा पट्टा सोडतो. खरा प्रश्न वेगळा आहे. नवख्याने चूक केली की तिचं बिल कोण भरतं?

त्रास देण्याची परंपरा जुनीच

नवख्यांना छळणं हे मोबाइल आल्यावर सुरू झालेलं नाही. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा गेम बनवायला घेतला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. पण एकाच वेळी अनेक जण एकाच जगात खेळू शकायचे. आजच्या सगळ्या ऑनलाइन गेमचा हा पणजोबा.

पुढे १९९६ मध्ये बार्टलने एक लेख लिहिला, जो गेम बनवणारे आजही वाचतात. त्याने खेळाडूंचे चार प्रकार पाडले. कुणाला पॉइंट मिळवायचे असतात, कुणाला जग धुंडाळायचं असतं, कुणाला गप्पा मारायच्या असतात. आणि चौथा प्रकार म्हणजे ज्याला दुसऱ्याला त्रास देण्यातच मजा येते. या चौथ्याला नवखा म्हणजे आयतं सावज. आणि अशांची संख्या वाढली की गप्पा मारायला आलेले लोक सगळ्यात आधी पळतात, असंही त्याने लिहून ठेवलंय.

वर्षभरात त्याचा पुरावाच मिळाला. १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' आला. त्यात शहराबाहेर पाऊल टाकलं की कुणीही कुणालाही मारू शकायचं आणि मेलेल्याचं सामान लुटू शकायचं. नवखे शहराच्या वेशीवरच कापले जायचे. कंपनीने नाना उपाय केले आणि शेवटी २००० मध्ये अख्ख्या जगाची एक जोडप्रत काढली. एका जगात खून चालतील, दुसऱ्यात नाही. बहुसंख्य लोक सामान उचलून शांत जगात राहायला गेले. "त्या दिवशी गेम मेला" असं म्हणणारे जुने खेळाडू आजही सापडतात. म्हणजे गेममध्ये आपणच लुटारू असलेले जुने खेळाडू, हे वेगळं सांगायला नको.

पाच जणांची टीम आणि तीनशे सोन्याची नाणी

पण तुमच्यावर बीजीएमआयमध्ये ओरडणारा तो पोरगा काही बार्टलच्या चौथ्या प्रकारातला नाही. तो तुमच्याच टीममध्ये आहे. त्याचं काय?

यासाठी 'लीग ऑफ लेजेंड्स' बघावा लागतो. २००९ मध्ये रायट गेम्सने आणलेला हा गेम, पाच विरुद्ध पाच. आणि वाईट तोंडासाठी याचं नाव इतकं झालं की कंपनीला त्यावर अभ्यास करायला वेगळी टीम नेमावी लागली.

या गेमची रचनाच बघा. दीडशेहून जास्त पात्रं, प्रत्येकाच्या वेगळ्या शक्ती. नवख्याला हे पाठ व्हायला काही महिने सहज लागतात. तोवर तो मरणार. पण तो मरतो तेव्हा फक्त तो मरत नाही. ज्याने मारलं त्याला साधारण तीनशे नाणी मिळतात, त्या नाण्यांतून तो शस्त्र घेतो आणि त्या शस्त्राने तुमच्या बाकीच्या चौघांनाही मारायला लागतो. म्हणजे नवख्याची चूक फुगत फुगत सगळ्या टीमच्या अंगावर येते. सामना साधारण अर्धा तास चालतो. मध्येच सोडून गेलात तर दंड. हरलात तर रँक खाली.

आता त्या चौघांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मॅच हातातून गेलीये हे दहाव्या मिनिटालाच कळलंय, बाहेर पडता येत नाही, पुढची वीस मिनिटं त्याच माणसासोबत काढायचीत आणि समोर चॅटचा रिकामा चौकोन आहे. शिवी द्यायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. शिवी देणं बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये. पण गेमनेच आधी सगळी लाकडं रचून ठेवलीत, काडी फक्त माणूस ओढतो.

व्हॉल्व्हचा 'डोटा' हा याच जातकुळीतला गेम. त्यात नवख्यांसाठी लिहिलेली सगळ्यात गाजलेली मार्गदर्शिका पर्ज नावाच्या खेळाडूची आहे. तिच्या नावाचा अर्थ साधारण असा होतो: 'डोटामध्ये स्वागत आहे, तुम्ही भंगार खेळता'. गंमत म्हणजे ती अतिशय प्रेमाने लिहिलेली आणि उपयोगी आहे. त्याने फक्त पुढे काय ऐकायला मिळणार आहे ते आधीच सांगून टाकलं.

शिव्या नक्की देतं कोण?

रायटच्या त्या टीमचे प्रमुख होते जेफ्री लिन. मेंदूविज्ञानाचा अभ्यास केलेला माणूस. सगळ्यांचा समज होता की मूठभर विकृत पोरं आहेत, त्यांना हाकला, प्रश्न मिटला. त्यांनी आकडे काढले तेव्हा भलतंच निघालं. सतत घाण बोलणाऱ्यांचा एकूण वाईट वागण्यातला वाटा होता साधारण १३ टक्के. उरलेलं ८७ टक्के येत होतं एरवी व्यवस्थित वागणाऱ्या लोकांकडून, ज्यांचा त्या दिवशी मूड गेलेला होता. कॉलेजात पेपर वाईट गेला, ऑफिसात बॉस बोलला, आणि मग समोर एक नवखा पाचव्यांदा मेला.

सगळ्या बदमाशांना बॅन केलं तरी बराचसा गोंगाट तसाच राहणार. मग त्यांनी एक अगदी छोटी गोष्ट केली. समोरच्या टीमशी होणारं चॅट आपोआप बंद ठेवलं. काढून टाकलं नाही. ज्याला हवंय त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं. आठवड्याभरात या चॅटमधलं वाईट बोलणं ३० टक्क्यांहून जास्त घटलं आणि चांगलं बोलणं जवळपास ३५ टक्क्यांनी वाढलं. चॅट वापरणाऱ्यांची संख्या तेवढीच राहिली. म्हणजे बोलायचं होतं ते लोक बोललेच. मधल्या दोन क्लिकमध्ये राग तेवढा सांडला.

आणखी एक प्रयोग. सामना सुरू होण्याआधी स्क्रीनवर एक ओळ दाखवली: चुकल्यावर सहकाऱ्याला त्रास दिलात तर तो आणखी वाईट खेळतो. ही ओळ लाल रंगात दाखवली तेव्हा घाणेरडी भाषा ११ टक्क्यांनी कमी झाली. हीच ओळ दुसऱ्या रंगात दाखवल्यावर तेवढा परिणाम दिसला नाही. आणि ओळीत लिहिलंय ते खरंच आहे. ज्याला आधीच काही सुचत नाहीये त्याच्यावर ओरडल्याने त्याचा नेम सुधारत नाही. हे क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला माहितीये, फक्त स्वतः बॉलर असताना आठवत नाही.

'हॅलो ३' या गेमवर झालेला एक अभ्यास इथे सांगायलाच हवा. त्यात संशोधकांनी आधीच रेकॉर्ड केलेली साधी वाक्यं माइकवरून ऐकवली, कधी पुरुषाच्या आवाजात, कधी बाईच्या. वाक्यं तीच. बाईच्या आवाजाला तिप्पट वाईट शेरे आले. २०१५ मध्ये हीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा कळलं की बाईच्या आवाजावर तुटून पडणारे जास्त करून स्वतः वाईट खेळणारे होते. चांगलं खेळणारे पुरुष बऱ्यापैकी नीट बोलत होते. हा अभ्यास नवख्यांवर नव्हता, स्त्री-पुरुष फरकावर होता. पण मला त्यातलं एक निरीक्षण नवख्यांनाही लागू पडतं असं वाटतं. "नूब" म्हणून सगळ्यात जोरात ओरडणारा बहुतेक वेळा तुमच्याहून दोनच पायऱ्या वर असतो. कालपर्यंत त्यालाच कुणीतरी म्हणत होतं.

नवख्याच्या वेशातला पहिलवान

मधल्यामध्ये एक वेगळाच प्रकार सांगून टाकतो, कारण हा बोलून नाही तर खेळून त्रास देतो. चांगला खेळणारा माणूस नवीन अकाउंट काढतो. गेमला तो नवखा वाटतो, म्हणून गेम त्याला खऱ्या नवख्यांमध्ये सोडतो. मग तो तिथे कत्तल करतो. याला स्मर्फिंग म्हणतात. कार्टूनमधले ते छोटे निळे स्मर्फ आठवतात? १९९६ च्या सुमारास 'वॉरक्राफ्ट २' मधल्या तरबेज खेळाडूंनी ओळख लपवायला त्यांची नावं घेतली, तिथून हा शब्द आला असं सांगतात.

चौथीच्या कबड्डीत बारावीचा मुलगा उतरवण्यासारखंच हे. नवखा आठ-दहा सामने असे चिरडला गेला की त्याला वाटतं, हा गेम आपल्याला जमणारच नाही. तो अनइन्स्टॉल करतो आणि का केलं हे कुणालाच सांगत नाही. कंपन्यांना याची भीती शिव्यांपेक्षा जास्त असावी. सप्टेंबर २०२३ मध्ये व्हॉल्व्हने डोटामधली अशी ९०,००० अकाउंट एकदम बंद केली.

कच्चं लिंबू

आता उलट बाजू. नवख्याला सामावून घ्यायची युक्ती आपल्याकडे गल्लीगल्लीत होती. लपाछपी, लगोरी, डबा ऐसपैस, काहीही खेळा, कुणाची तरी धाकटी बहीण मागे लागलेली असायचीच. घरातून हुकूम यायचा, "तिलाही घ्या रे." मग ती कच्चं लिंबू. काही ठिकाणी लिंबूटिंबू म्हणतात. ती पळणार, लपणार, ओरडणार, सगळं करणार. पण पकडली गेली तरी तिच्यावर राज्य येणार नाही आणि ती आउट झाली म्हणून टीम हरणार नाही.

यात शिकवणी नाही, कुणाला दयाळू व्हायचा उपदेश नाही. फक्त तिच्या चुकीचं बिल फाडून टाकलंय. त्यामुळे तिच्यावर चिडायला कुणाकडे कारणच उरत नाही, आणि बघता बघता ती पक्की होते.

ऑनलाइन गेममध्ये हे सगळ्यात नीट जमवलंय जपानी 'फायनल फँटसी १४' ने. यात आठवड्याचे सातही दिवस जुने खेळाडू नवख्यांसोबत खेळताना दिसतात, आणि तेही ज्या गुहा त्यांनी शंभर वेळा पार केल्यात त्याच गुहांमध्ये. कशासाठी? कारण गेम रोजचं बक्षीस त्यालाच देतो जो "मला कुठल्याही गुहेत टाका" म्हणतो. जुन्या गुहेत गेल्यावर त्याची ताकद आपोआप त्या गुहेच्या लेव्हलला आणली जाते. आणि टीममध्ये कुणी ती गुहा पहिल्यांदा खेळत असेल तर सगळ्यांना जास्तीचं बक्षीस मिळतं, तशी सूचनाच स्क्रीनवर येते. म्हणजे नवखा दिसला की इतर गेममध्ये लोक कपाळावर हात मारतात, इथे "अरे वा, बोनस" म्हणतात. टीम मेली तर? दोन मिनिटांत पुन्हा सुरू. कुणाची रँक जात नाही.

नवख्याच्या नावापुढे कोवळ्या रोपाचं एक चिन्ह असतं. जपानी माणसाला ते बघितल्याबरोबर कळतं. तिथे १९७२ पासून नव्या ड्रायव्हरला पहिलं वर्षभर गाडीवर हिरवं-पिवळं 'वाकाबा' म्हणजे कोवळ्या पानाचं चिन्ह लावावं लागतं. अशा गाडीला मुद्दाम खेटणं किंवा तिच्यासमोर गाडी घुसवणं हा तिथे गुन्हा आहे. आपल्याकडे लाल 'एल' लावलेली गाडी दिसली की मागचा काय करतो, ते आठवून बघा.

शिवाय या गेममध्ये "तू किती कमी मारतोयस" असे आकडे काढून कुणाला हिणवलं तर अकाउंटवर कारवाई होऊ शकते. २०२१ मध्ये दुसऱ्या गेममधून इतके लोक इकडे आले की डिसेंबरमध्ये कंपनीला गेमची विक्रीच काही काळ थांबवावी लागली. सर्व्हरला झेपेना.

सगळं गोडगोड आहे असंही नाही. गेमने अनुभवी खेळाडूंसाठी 'मेंटॉर' ही पदवी आणि नावापुढे मुकुट ठेवला. मेंटॉर म्हणून २,००० वेळा मदत केली की एक खास घोडा मिळतो. परिणाम काय होणार ते तुम्ही ओळखलंच असेल. काही जण मुकुट मिरवायला आणि घोडा मिळवायला मेंटॉर झाले. नवख्यांच्या मदतीसाठी केलेल्या चॅटमध्ये जुन्यांच्याच गप्पा रंगल्या. म्हणून मुकुटवाल्यांवर तिथे भरपूर विनोद होतात. बक्षीस लावून लोकांना नवख्याशेजारी आणून बसवता येतं, पुढे त्यांनी बोलावं की नाही ते त्यांच्यावरच.

फॉलआउट ७६ चं गुपितही आता उलगडतं. त्यात एकाच राक्षसाला मारलं तरी प्रत्येकाला आपापला वेगळा माल मिळतो, त्यामुळे नवखा तुमच्या वाट्यातलं काही खात नाही. पाचव्या लेव्हलपर्यंत त्याला दुसरा खेळाडू मारूच शकत नाही. आणि सामान साठवायला वजनाची मर्यादा आहे. जुन्या खेळाडूंची पेटी कायम गच्च भरलेली. मे महिन्यात कोकणात ज्यांच्या घरी फणस लागतो त्यांना विचारा, देण्यातला आनंद काय असतो! दिलं की जागा होते आणि वर आशीर्वाद मिळतात.

ढकलायला मिळालं तर माणूस ढकलतो

२०१२ मध्ये प्लेस्टेशनवर 'जर्नी' नावाचा छोटासा, सुंदर गेम आला. वाळवंटातून एका डोंगराकडे चालत जायचं. वाटेत एखादा अनोळखी खेळाडू भेटतो. त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. लोक हा गेम खेळून रडलेत.

पण बनवणारे जेनोवा चेन यांनीच पुढे सांगितलं की सुरुवातीच्या चाचण्यांत हेच खेळाडू एकमेकांना कड्यावरून ढकलत होते. चेन हादरले. माणसं मुळात अशीच का? त्यांनी बाल-मानसशास्त्राच्या जाणकाराला विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की नव्या जगात आलेला माणूस लहान मुलासारखा असतो. जे केल्यावर सगळ्यात मोठा धमाका होतो तेच तो पुन्हा पुन्हा करतो, चांगलं-वाईट त्याच्या डोक्यात नसतं. चमचा खाली टाकणारं बाळ आठवा. मग चेन यांच्या टीमने ढकलणंच काढून टाकलं. आता एकमेकांच्या जवळ गेलं की दोघांच्या गळ्यातला स्कार्फ उजळतो आणि दोघांनाही उडायची ताकद मिळते. ज्यांनी गेममधली सगळी चिन्हं शोधली त्यांना पांढरा झगा मिळतो. या पांढऱ्या झग्यातले लोक पुन्हा पुन्हा परत येऊन नवख्यांना वाट दाखवताना दिसू लागले. त्यासाठी त्यांना गेम काहीही देत नाही.

सगळ्यात निर्दयी गेममधली शाळा

इथवर वाचून वाटेल की चूक स्वस्त केली की झालं. तर 'ईव्ह ऑनलाइन' बघा. आइसलँडच्या सीसीपी कंपनीने २००३ मध्ये आणलेला हा अवकाशातला गेम. यात तुमचं जहाज फुटलं की कायमचं गेलं. फसवाफसवी नियमात बसते. तथाकथित सुरक्षित भागातही कुणी हल्ला करू शकतो. पोलीस येतात, हल्लेखोराचं जहाज उडवतात, पण तोवर तुमचं गेलेलं असतं. अगदी नवख्यांच्या काही ठरावीक भागांत त्यांना फसवायला-छळायला कंपनीने बंदी घातलीये, बाकी सगळं रान मोकळं.

आणि याच गेममध्ये नवख्यांसाठी खेळाडूंनीच चालवलेली शाळा आहे, 'ईव्ह युनिव्हर्सिटी'. २००४ पासून चालू आहे. वर्ग भरतात, नवख्यांना जहाजं मिळतात, सगळ्या नोट्स कुणालाही वाचायला खुल्या.

का? कारण ईव्हमध्ये नवखा पहिल्याच आठवड्यात कामाला येतो. शत्रूचं अवाढव्य जहाज पळून जाऊ नये म्हणून त्याला अडकवून धरायचं एक यंत्र असतं. ते चार दिवसांपूर्वी आलेल्या पोराच्या स्वस्त होडक्यावरही बसतं. तो मेला तर होडकं गेलं, भाव भाजीच्या जुडीएवढा. पण तोवर त्याने हत्तीचा पाय धरून ठेवलेला असतो. हे 'गूनस्वार्म' या टोळीने बरोबर ओळखलं. समोर होती 'बँड ऑफ ब्रदर्स' ही निवडक, मुरलेल्यांची आघाडी. गूनस्वार्मने येईल त्या नवख्याला घेतलं, फुकट जहाजं वाटली आणि टोळधाडीसारखे सोडले. फेब्रुवारी २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्स मोडली. शेवटचा घाव त्यांच्यातूनच फुटलेल्या एकाने घातला, हे खरं. पण त्याआधीची वर्षानुवर्षांची लढाई या नवख्यांच्या झुंडीच लढत होत्या.

ईव्हचा आणखी एक आकडा मला फार विचार करायला लावतो. २०१५ मध्ये सीसीपीने सुमारे ८०,००० नव्या खेळाडूंचे पहिले पंधरा दिवस तपासले. नवखे मारले जातात म्हणून सोडून जातात, असा त्यांचाही अंदाज होता. पण सुरक्षित भागात बेकायदा मारले गेलेले जेमतेम १ टक्का निघाले आणि तेच इतरांपेक्षा जास्त काळ टिकले होते. बहुसंख्यांना कुणी मारलंच नव्हतं. ते एकटेच आले, एकटेच फिरले आणि गेले.

यावरून "नवख्याला झोडा, तो टिकतो" असा निष्कर्ष काढू नका. जो जास्त खेळतो, मौल्यवान जहाज घेऊन लांब जातो, तोच मारला जाण्याची शक्यताही जास्त. आणि ईव्हमध्ये मारणारा अनेकदा नंतर मेसेज करतो, कधी चिडवायला, कधी "तू असं करायला हवं होतंस" हे सांगायला. पण नवख्यासाठी शिवीइतकंच वाईट काहीतरी असतं, आणि ते म्हणजे कुणीच न बोलणं. जहाज फुटल्याचं दुःख सांगायला माणूस मिळाला तर ते पचतं. माइकवर तुमच्या आईबहिणीचा उद्धार होणं वेगळं. तिथे गेम संपूनही ते डोक्यातून जात नाही.

आणि आपल्याकडे?

अमेरिकेत एडीएल या संस्थेने २०१९ मध्ये ऑनलाइन खेळणाऱ्या प्रौढांची पाहणी केली. ७४ टक्के लोकांनी सांगितलं की छळ सोसलाय. त्याच पाहणीत ८८ टक्के लोकांनी सांगितलं की चांगले अनुभवही आलेत, मित्र मिळाले, टीमचा भाग झाल्यासारखं वाटलं. म्हणजे ही दोन वेगळी गावं नाहीत. बहुतेकांना दोन्ही एकाच घरात मिळतं.

आपल्याकडचा फरक असा की बहुतेकांचा पहिला मल्टिप्लेअर गेम मोबाइलवरचा, आणि तो टायपिंगचा नाही, माइकचा. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, २०२२ मध्ये तोही गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. या सगळ्यात माइक मात्र कायम होता. टाइप करताना निदान बोटं थांबतात, माइकवर जे तोंडात येईल ते सरळ समोरच्याच्या कानात. आवाजावरून वय कळतं, मुलगी आहे हे कळतं, हिंदीवरून गाव ओळखतात. म्हणून कित्येक मुली माइक लावतच नाहीत आणि बारा वर्षांची पोरं आवाज जाड करून बोलतात. उलटंही होतं. चुकून "अरे थांब ना" असं मराठी तोंडातून निघालं आणि समोरचाही मराठी निघाला, की तोच दोन सेकंदांपूर्वी पेटलेला माणूस "कुठला रे तू?" विचारतो आणि पुढचा अख्खा सामना तुम्हाला पाठीशी घालतो. तुमचा नेम काही तेवढ्यात सुधारलेला नसतो.

आता कामाचं. तुम्ही नवीन असाल तर अनोळखी लोकांसोबत थेट रँक लागणाऱ्या सामन्यात उतरू नका. तिथे तुमच्या प्रत्येक चुकीचे पॉइंट दुसऱ्याच्या खात्यातून जातात. आधी ट्रेनिंगच्या मैदानात बंदुका हाताळा, मग टीडीएम खेळा. टीडीएममध्ये मेलात की लगेच परत उभे राहता, त्यामुळे मरणं स्वस्त. कुणी तोंड सोडलं तर त्याला उत्तर देऊ नका, म्यूट करा आणि सामना संपल्यावर रिपोर्ट टाका. आणि तुम्ही जुने असाल, एखाद्या भावाला-बहिणीला किंवा मित्राला या गेममध्ये आणायचं असेल, तर त्याला स्वतःच्या रँकच्या पुशमध्ये ओढू नका. तुम्ही कितीही शांत स्वभावाचे असलात तरी चौथ्या वेळी तो खिडकीत उभा राहून मेला की तुमच्या तोंडून काहीतरी निघणारच. त्याच्यासोबतचे दोन-चार दिवस वेगळे ठेवा, शक्यतो दुसऱ्या अकाउंटशिवाय. बीजीएमआयमध्ये खाजगी रूम काढता येते. तिथे ओळखीचे चार-पाच जण गोळा करा आणि त्याला फक्त एकच गोष्ट शिकवा, गोळी लागली की आधी आडोसा कसा शोधायचा. बंदुकीचा नेम नंतर बघता येतो.